पोटात हवा धरलेला पंप

मी पंप बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या डोक्यावर लाकडी फळ्या आहेत आणि फळ्यांवर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलंय, त्यामुळे माझा आवाज वर येईपर्यंत अर्धा मुरतो. रोज माणसं माझ्यावरून जातात, खुर्च्या ओढतात, चहा पितात, पण खाली कुणी आहे हे त्यांच्या गावीही नसतं. मी बंद पडलो की मात्र सगळ्या घराला माझी आठवण होते.

विहिरीवरचा किंवा शेतातला पंप तुम्ही पाहिला असेल. मी तसला नव्हे. मी पोहण्याच्या तलावाचा पंप. तलाव म्हटल्यावर काही भव्य डोळ्यांसमोर आणू नका. परळच्या एका उंच इमारतीत गाड्यांचे मजले संपले की पहिला राहता मजला लागतो. तिथल्या एका घराला स्वतःची गच्ची आहे, आणि त्या गच्चीत छातीइतक्या पाण्याचा हा लहानसा तलाव. चार हात मारले की पलीकडची भिंत लागते. त्यातलं पाणी ओढायचं, वाळूच्या गाळणीतून दाबून काढायचं आणि स्वच्छ करून परत तलावात सोडायचं, एवढं माझं काम. तेच पाणी, तोच फेरा. पाणी कुठं जात नाही आणि मीही कुठं जात नाही.

माझा जन्म कोईमतूरजवळच्या एका कारखान्यातला. काळं प्लास्टिकचं अंग, मागे मोटर आणि पुढे पोटासारखं एक भांडं. भांड्यात जाळी बसवलेली, पानं आणि केस अडकवायला. भांड्यावर आरपार दिसणारं झाकण, ते आवळायला वरून एक कडं आणि झाकणाच्या खाचेत रबराची गोल रिंग. या रिंगेची ओळख आत्ताच करून ठेवा, पुढे लागणार आहे. कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा मी असं काही पाणी ओढलं की तपासणाऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला पुढे सरकवलं. त्या एका थापेवर मी कितीतरी दिवस खूश होतो.

मग खोक्यात बसून मुंबईला आलो. नागदेवीच्या यंत्रबाजारातल्या एका दुकानाच्या माळ्यावर बरेच महिने पडून होतो. शेजारी टाकीवर जाणारे पंप होते, शेतावर जाणारे होते. त्यांच्या गप्पा ऐकून मलाही वाटायचं की आपण कुठंतरी उघड्यावर बसू, ऊन खाऊ, कावळे-चिमण्या बघू. प्रत्यक्षात मला परळला आणलं, गच्चीच्या कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात बोल्टांनी आवळलं आणि वरून फळ्या टाकल्या. फळ्यांच्या मधे बोटभर फटी होत्या. तेवढंच माझं आकाश.

या घराचा मालक हितेंद्र. घरांची आतली सजावट करून देण्याचा त्याचा धंदा आहे. लालबागच्या चाळीत, मजल्यावरच्या एकाच नळाखाली बादल्या लावत तो लहानाचा मोठा झाला. म्हणून असेल, पण आपल्या दारात भरपूर पाणी असावं ही त्याची फार दिवसांची हौस. तलाव झाला तेव्हा त्यानं सगळी जुनी चाळ जेवायला बोलावली होती. पोरं पाण्यात धुडगूस घालत होती, बायका काठावर पाय सोडून बसल्या होत्या आणि हितेंद्र सगळ्यांना वाकून वाकून सांगत होता, "पिण्याचं नाय हां हे, पण एकदम फिल्टर केलेलं आहे." फिल्टर करत होतो मी. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

हौस दोन उन्हाळे टिकली. मग हितेंद्रला वेळ मिळेना. त्याची बायको अनुजा बँकेत मोठ्या जागेवर, तिला तर मुळीच मिळेना. तलावाच्या काठावर कपडे वाळत घालायचं स्टँड आलं. रिकामं पाणी मी रोज फिरवत राहिलो, कारण फिरवलं नाही तर ते हिरवं होतं. कुणीही उतरत नसलेलं पाणी स्वच्छ ठेवत राहण्यात काय सुख आहे, सांगा.

फटींतून मला माणसांचे फक्त पाय दिसायचे. त्यावरून मी माणसं ओळखायला शिकलो. अनुजाच्या टाचा टकटक करत येत. हितेंद्र फोनवर बोलता बोलता फेऱ्या मारी. त्याचे वडील रमाकांतराव रबरी चपला ओढत येत. आणि हितेंद्रची आई नलूबाई, तिच्या पायांत जोडवी. ती पाऊल असं हलकं टाकायची की फळी कधी वाजली नाही. सकाळी तुळशीला पाणी घालून ती तलावाशी थांबायची, वाकून पाण्यात हात बुडवायची आणि आत जायची. तिचं माहेर मालवणकडचं, खाडीच्या काठचं. लहानपणी कंबरभर पाण्यातून, दप्तर डोक्यावर धरून ती शाळेत जायची, असं ती एकदा अनुजाला सांगताना मी ऐकलं होतं.

एके दिवशी जोडवी दिसेनाशी झाली. आठवडेच्या आठवडे गेले. मग फळ्यांवरून चाकं आली, खुर्चीची. पावलं ठेवायच्या पट्टीवर एक पाय नीट बसलेला होता आणि दुसरा वाकडा पडला होता. जोडवी दोन्ही पायांत होती. तिची उजवी बाजू गेली होती. अर्धांगाचा झटका.

मी पंप आहे, मला रडता येत नाही. त्या दिवशी मी नुसता घरघरत राहिलो.

व्यायाम करून घ्यायला ऋता नावाची मुलगी येऊ लागली. तिनं तलाव पाहिला आणि म्हणाली, "अय्या, घरात पूल आहे आणि तुम्ही आजींना भिंतीला धरून चालवताय? पाण्यात वजन कमी होतं. पाण्यात चालवा ना." हितेंद्रनं स्टीलचा कठडा बसवून घेतला. नलूबाईनं पोहायचा पोशाख घालायला साफ नकार दिला. शेवटी अनुजाची जुनी लेगिंग आणि हितेंद्रचा ढगळ टी-शर्ट यांवर तडजोड झाली. रमाकांतरावांनी तिला धरून पायऱ्यांवरून उतरवलं, आणि कठडा धरून ती पाण्यात उभी राहिली.

आणि चालली.

आधी कठड्याच्या एका टोकापर्यंत. मग परत. मग रोजच. जमिनीवर ती खुर्चीची कैदी होती, पाण्यात मात्र स्वतःच्या पायांनी जायची, मनाला येईल तिथं वळायची, मनाला येईल तिथं थांबायची. रमाकांतराव काठावरून सारखे "सावकाश गो, सावकाश" म्हणायचे, तर ती हसून म्हणायची, "तुमी गप ऱ्हवा ओ. हय माका कोण ढकलता?"

तेव्हा मला कळलं की मी पाणी कशासाठी फिरवतो. घाणेरड्या पाण्यात तिला उतरवता आलं नसतं. मी थांबलो की ती थांबणार. हे डोक्यावरचं ओझं मला फार आवडलं.

आता दसऱ्याची गोष्ट सांगतो.

रमाकांतराव तरुणपणी मिलमध्ये साच्यावर होते. कापड विणायच्या मागाला गिरणगावात साचा म्हणतात. दसऱ्याला मिलमध्ये साचे धुऊन पुसून सजवायचे, झेंडूची तोरणं बांधायचे आणि कामगारांच्या बायकापोरांना आत यायला मोकळीक असायची. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला त्यांनी नलूबाईला आपला साचा दाखवला होता आणि तिच्या हातानं त्यावर अक्षता वाहिल्या होत्या. मिल गेली, तिच्या जागेवर काचेच्या इमारती आल्या, पण यंत्राची पूजा काही रमाकांतरावांच्या हातून सुटली नाही. मिक्सर, फ्रिज, हितेंद्रचा लॅपटॉप, कुणाची सुटका नाही. माझीही पूजा दर वर्षी व्हायची. फळी उचलून पाठीवर कुंकवाचं बोट आणि एक झेंडूचं फूल, एवढीच.

त्या वर्षी मात्र त्यांचं मन भरून आलं होतं. बायको पाण्यात चालू लागल्यानंतरचा तो पहिला दसरा. तलावाची देखभाल करणारा जयवंत सकाळी येऊन माझी जाळी साफ करत होता. त्यानं झाकण काढून बाजूला पालथं ठेवलं होतं. "काका, मी जरा गाळणी बघून येतो" म्हणून तो उठला आणि रमाकांतराव ताट घेऊन माझ्यापाशी बसले. मोटरीवर स्वस्तिक काढलं. हळद, कुंकू वाहिलं. मग ओंजळभर अक्षता घेऊन डोळे मिटले.

"बाबा रे," ते हळूच म्हणाले, "तुझ्या जिवावर आमची नलू चालता. तिका असाच चालवत ऱ्हव."

आणि त्यांनी अक्षता वाहिल्या, अगदी मनापासून, माझ्यावर, भांड्यात आणि बाजूला पडलेल्या झाकणावरही. जयवंत परत येईपर्यंत त्यांनी स्वतःच भांडं पुसलं, झाकण बसवलं आणि वरचं कडं जोर लावून आवळलं. "झाला रे तुझा काम," असं त्याला कौतुकानं सांगितलं. जयवंतनंही वरून बघितलं, झाकण घट्ट होतं. तो बटण दाबून निघून गेला.

पण कुंकवानं माखलेला एक दाणा झाकणाच्या खाचेत, रिंगेच्या मागे जाऊन बसला होता. रिंगेला लावलेल्या चिकट वंगणात तो घट्ट रुतला.

हवा ही माझी वैरीण आहे. पाणी मला धरता येतं, ओढता येतं, ढकलता येतं. हवेला पकडायला माझ्याकडे काहीच नाही. ती आत शिरली की पोटात गुडगुडते, माझं चाक नुसतं फिरत राहतं आणि पाणी हलत नाही. त्यात आणखी गंमत अशी की मी पाणी ओढून घेणारा. ओढीच्या बाजूला भेग पडली तर पाणी बाहेर येत नाही, हवाच आत येते. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. एक थेंब नाही, ओलाव्याचा डाग नाही. मी आत गुदमरतोय हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, एक आवाज सोडून.

तो आवाज मी केला. फुरफुरलो, खाकरलो, तलावात जिथून स्वच्छ पाणी सुटतं तिथून बुडबुड्यांचे लोट सोडले. रमाकांतराव म्हणाले, "ह्येच्या पोटात वारो धरलो हा." निदान शंभर टक्के बरोबर होतं. औषध कुणाला सापडेना.

जयवंत आला. मी त्याला नावं ठेवणार नाही, पोरगा कामात कसूर करणारा नाही. त्यानं झाकण उघडलं, रिंगेवरून फडकं फिरवलं, वरून नवं वंगण लावलं आणि म्हणाला, "रिंग तर ऑगस्टमधेच चेंज केलीय, नवीन आहे." झालं. रिंगेवरचा त्याचा संशय तिथंच संपला. दाणा तिच्या पाठीमागे निवांत बसून होता. रिंग खाचेतून बाहेर काढून बघावी असं त्याच्या मनात आलं नाही, आणि मी त्याला सांगणार तरी कसं?

मग सुरू झाले माझे हाल. जयवंतनं पाइपांचे जोड उघडले, नवी टेप गुंडाळली, परत आवळले. पाणी काढून टाकायचं खालचं बूच बदललं. तलावातलं पाणी वाढवून पाहिलं. एकदा हितेंद्रचा दाढीचा फेस मागून आणला आणि प्रत्येक जोडावर फासला. जिथून हवा आत जात असेल तिथं फेस ओढला जातो, अशी ती युक्ती. युक्ती चांगली होती. पण झाकणावर कड्याची कड येते, तिच्याआड फेस पोचला नाही. मी पांढऱ्या फेसानं माखून न्हाव्याकडच्या गिऱ्हाइकासारखा बसलो आणि पोटातली हवा जशीच्या तशी.

पाणी फिरायचं थांबलं. आधी कडेनं शेवाळ धरलं, मग तळ दिसेना. नलूबाईचं उतरणं बंद झालं.

शेवटी जयवंतनं हात टेकले. "सर, मला वाटतं टाइल्सच्या खालचा पाइप क्रॅक झालाय. काठाचा डेक, सगळी फरशी, फोडायला लागेल."

"फोडायचं नाही रे बाबा," हितेंद्र वैतागून म्हणाला. "खाली पार्किंगमधे जरा ओल दिसली तर सोसायटीवाले माझ्या नावानं बोंबलतात. फोडलं तर मला जगू देणार नाहीत. बंदच करून टाकू हे. भराव टाकू, वर आर्टिफिशियल ग्रास. बसायला छान होईल."

"आणि आईंचं चालणं?" अनुजानं विचारलं.

"घरात धरायला बार लावून देतो ना मी. ऋता म्हणाली, तसंही करता येतं."

"भिंतीला धरून चालताना दोनदा पडल्यात त्या, हितेंद्र."

"मग मी काय करू, सांग. इतके दिवस एक पंप दुरुस्त होत नाही! मला काय आवडतंय का हे?"

त्याला आवडत नव्हतं हे खरं होतं. तो बोलून गेला आणि बराच वेळ काठावर पाण्याकडे बघत उभा राहिला. तरी दिवाळीनंतर भराव टाकणाऱ्यांना यायला सांगितलं गेलं. गवताचा गुंडाळा तर आधीच येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. फटीतून मला त्याचं हिरवं टोक दिसे. भराव पडला की मला कोण ठेवणार? भंगारात देतील, नाहीतर कंटाळा करून इथंच गाडतील. पण मला खरं सांगू का, माझी भीती दुसऱ्या नंबरावर होती.

दुपारी घरात दोघं म्हातारेच असत. नलूबाई खुर्ची माझ्या फळ्यांपाशी आणून बसे. हिरव्या पाण्याकडे बघत राही. बोलणं तिचं सावकाश झालं होतं, पण शब्द स्वच्छ. एकदा खाली फटीकडे बघून ती म्हणाली, "तू पण हयच, मी पण हयच."

मला उत्तर द्यायचं होतं. बटण बंद होतं.

भाऊबीज झाली. भराववाले दुसऱ्या दिवशी येणार होते. रमाकांतराव दुपारच्या जेवणासाठी भात लावत होते. बायको आजारी पडल्यापासून दुपारचा स्वयंपाक त्यांच्याकडे. स्वयंपाकघराची खिडकी गच्चीत उघडते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. कुकर नुसता फुसफुसत होता, शिट्टी काही होत नव्हती.

"कुकर बिघाडलो गो," रमाकांतराव आतून ओरडले.

"बिघाडता कित्या? रिंग काडून बघा," नलूबाई माझ्यापाशी बसल्या बसल्या म्हणाली. "शीत अडाकला आसतला."

थोडा वेळ भांड्यांचा आवाज झाला. मग शिट्टी. एकदम खणखणीत. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. मग तिनं हाक मारली.

"अहो, गॅस बंद करा आणि हय येवा. ह्या पंपाची रिंग कोणी बघितली?"

"जयवंतान बघितली. नवी आसा म्हणालो."

"बघितली. पण काडली?"

रमाकांतराव पदराला हात पुसावेत तसे लुंगीला हात पुसत उभे राहिले. "काडूक नाय," ते म्हणाले.

"मग माका खाली बसवा."

"अगो, पडशीत!"

"पडलंय तर पडलंय. खुर्चेत बसान तरी मी काय उभी आसंय?"

"मी काडतंय ना रिंग. तू सांग खयसून काडूची ती."

"तुमी कुकराची रिंग पण उलटी बसवतात," नलूबाई म्हणाली. "बसवा माका."

त्यांनी तिला काखेत हात घालून खुर्चीतून उतरवलं. दोघंही धापा टाकत होते. मग ती बसल्या बसल्या सरकत आली, डाव्या हातानं जमीन ढकलत, उजवा पाय मागून ओढत. माझ्या फळ्या उचलल्या गेल्या आणि लख्ख उजेड पडला. इतक्या वर्षांत तिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. घामानं डबडबला होता आणि डोळ्यांत असा हट्ट होता की जयवंत असता तर दोन पावलं मागे सरला असता.

रमाकांतरावांनी कडं फिरवलं, झाकण काढून तिच्या मांडीत दिलं. तिनं डाव्या हातानं केसांतला आकडा काढला, त्याचं टोक रिंगेच्या खाली घातलं आणि अलगद उचललं. रिंग सुटून बाहेर आली. ती एका जागी दबलेली होती. खाचेत त्याच जागी काहीतरी चिकटलेलं होतं. नलूबाईनं आकड्यानं ते सोडवून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा. फुगून चपटा झालेला, पण एका अंगानं अजून लाल.

रमाकांतराव वाकून बघत होते. चष्मा पुसून त्यांनी परत बघितलं आणि मग तिथंच, खड्ड्याच्या काठावर, मटकन बसले.

"ह्यो अक्षतेचो दाणो," ते म्हणाले. "माझ्याच हातचो."

नलूबाईनं तळहात त्यांच्यापुढे धरला.

"दसऱ्याक मी झाकण लावलंय गो. मीच लावलंय. मी देवाकडे मागी होतंय काय आणि केलंय काय! इतके दिस तुका खुर्चेत कोंडून घातलंय..." माझ्या मोटरीवर त्यांनी काढलेलं स्वस्तिक अजून पुसट दिसत होतं. त्यावर त्यांनी हात ठेवला.

"काय मागलात देवाकडे?" तिनं विचारलं.

"तू चालूक व्हयी. आणि काय मागतलंय मी?"

नलूबाईनं तो दाणा तलावाच्या पाण्यात बुडवला, दोन बोटांत धरला आणि त्यांच्या कपाळाच्या मधोमध दाबून चिकटवला.

"घेवा," ती म्हणाली. "पोचली तुमची पूजा. आता रडा नको, भांड्यात पाणी ओता."

खाच पुसली गेली. रिंग परत बसली. माझं भांडं बादलीनं काठोकाठ भरलं, जयवंत भरतो तसं. झाकण लागलं, कडं आवळलं. रमाकांतरावांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

आधी गुडगुडलो. तीन आठवडे कोंडलेली हवा पाइपांतून फाडफाड करत बाहेर पडली, तलावात बुडबुड्यांचा एक मोठा उमाळा आला. आणि मग पाण्यानं मला धरलं. मी पाण्याला धरलं. पोट गच्च भरलं आणि झाकणाच्या आरपार एकही बुडबुडा राहिला नाही. नव्या पंपालासुद्धा इतका आनंद झाला नसेल. मी नुसता एकसुरात गुणगुणत होतो आणि वर नलूबाई जमिनीवर बसून, जिथून पाणी सुटतं तिथं हात धरून होती.

संध्याकाळी हितेंद्र आला. "आई! खाली काय बसलीयस? बाबा, तुम्ही तरी..." आणि त्यानं पाणी हलताना पाहिलं. बूट न काढताच तो गुडघ्यांवर बसला आणि आईच्या हाताशेजारी आपला हात धरला. हवा नव्हती, सरळ जोरदार पाणी.

"कसं काय? काय झालं होतं?"

रमाकांतरावांनी तोंड उघडलं.

"कचरो होतो," नलूबाई आधीच म्हणाली. "काडलो."

"कचरा? तीन आठवडे आम्ही... आणि बाबा, कपाळाला काय लागलंय तुमच्या?"

"ऱ्हवांदे तां," रमाकांतराव म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले.

भराववाल्यांना फोन गेला. औषधं घालून, मी अहोरात्र फिरवून पाणी पुन्हा नितळ केलं. गवत मात्र दुकानदार परत घेईना, मापानं कापलेलं होतं. मग हितेंद्रनं ते तलावाच्या काठानं अंथरलं, आईचा पाय घसरू नये म्हणून. माझ्या फळ्यांवरही अंथरलं. माझ्या फटी बुजल्या. मी तिची वाट मोकळी केली आणि त्यानं माझं आकाश झाकलं, पण त्याला काय माहीत! त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

आता मला कुणाचेच पाय दिसत नाहीत. सुरुवातीला फार कोंडल्यासारखं झालं. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. ती पाण्यात चालते तेव्हा पाणी हलतं आणि ते हललेलं पाणी पाइपातून माझ्यापर्यंत येतं. डावं पाऊल टाकलं की एक हेलकावा. उजवं टाकलं की जरा उशिरा, जरा हलका. अंधारात बसून मी ती चाल ओळखतो. अलीकडे उजव्याचा उशीर कमी होत चाललाय. हे ऋतालासुद्धा माझ्याइतकं नेमकं कळत नसेल.

परवा पुन्हा दसरा झाला. गवत उचललं, फळी उचलली, डोळे दिपले. रमाकांतराव ताट घेऊन आले होते. नलूबाई पाण्यात कठड्याला धरून उभी होती. तिथूनच तिनं आवाज दिला, "कुकू लावा. अक्षता नको हां ओ!"

"म्हायती आसा माका," ते म्हणाले. तरी त्यांनी जयवंतनं लावलेलं झाकण स्वतः काढलं, कडेनं बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. झाकण लावलं. मला कुंकवाचं एक बोट लावलं, कोरडं. खरं सांगतो, मला जरा लागलं. ज्या दाण्यानं मला गुदमरवलं, त्याच्यावाचून पूजा अळणी वाटली.

मग ते ताट घेऊन तलावाच्या काठाशी गेले. फळी उघडी होती म्हणून मी पाहू शकलो. नलूबाईनं कठडा सोडला. दोन्ही हात मोकळे सोडून, छातीभर पाण्यात, नुसती उभी राहिली. रमाकांतरावांनी ओंजळभर अक्षता तिच्या डोक्यावर वाहिल्या. ती हसली, डोकं हललं आणि अक्षता पाण्यात सांडल्या.

फळी पडली, गवत पडलं. मी आपल्या अंधारात काम करत राहिलो. आणि मग तळाच्या वाटेनं, पाण्याबरोबर, एक दाणा माझ्या भांड्यात आला. मागोमाग दुसरा. तिच्या केसांवरून उतरलेल्या अक्षता, लाल लाल, माझ्या जाळीत येऊन बसल्या. जाळीत बसलेला दाणा मला काही करत नाही. तिथं त्याची जागाच आहे.

शनिवारी जयवंत जाळी झटकायला येईल. तुमच्यापैकी कुणाची त्याच्याशी ओळख असेल तर त्याला माझा एक निरोप द्या. म्हणावं, रिंग काढून बघ, खाच पूस, कडेनं बोट फिरव. पण जाळी या खेपेला झटकू नकोस.